दुकानावरचा तुझा फोटो

होहोए, गुरुवार

प्रिय सेफाकोर,

सेलोर्मचा फोन आला तेव्हा मी दुकानात शिआच्या बियांचं लोणी डब्यांत भरत होते. मुलगी झाली, मंगळवारी पहाटे, दोघी सुखरूप आहेत, एवढं एका दमात सांगून जावईबापू घुटमळले. मी मात्र घुटमळले नाही. शेजारच्या मिरचीवालीला हाक मारून सांगितलं, की माझ्या सेफाला मुलगी झाली आणि तीही मंगळवारी. मंगळवारची पोर म्हणजे आब्लाच. तुम्ही तिला चर्चमध्ये काहीही नाव द्या, शाळेच्या हजेरीपटात काहीही लिहा, वाराचं नाव कुणाला चुकत नाही. माझंही तेच नाव आहे. मला वाटतं, नऊ महिने तू देवाला सांगत असशील, सोमवारी पाठव, बुधवारी पाठव, तेवढा मंगळवार सोड. देवाने ऐकलं नाही, त्याला मी काय करू!

मग सेलोर्म हळूच म्हणाला, की सध्या यायची घाई करू नका, बाळाच्या आंघोळीला शेजारच्या एक बाई येणार आहेत. मी विचारलं, हे म्हणणं कुणाचं? तो हवापाण्याचं बोलायला लागला. चांगला मुलगा आहे, त्याला खोटं बोलता येत नाही. लेकीच्या लेकराची आंघोळ कुणी घालायची असते हे मी तुला सांगायला नको. तुला माझ्या आईने चाळीस दिवस घातली. कढत पाणी, पायांवर पालथं घेणं, डोक्याला आकार देणं, सांध्यासांध्यात शिआचं लोणी जिरवणं. तू बेंबीच्या देठापासून रडायचीस आणि नंतर चार तास झोपायचीस. माझे हात बाळाच्या कातडीला लागू नयेत असं तुला वाटतं. हे सेलोर्मने सांगितलं नाही, मला कळलं. फोनवर तू "बरं, आई" म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. तेमाच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देणार आहे आणि तुझ्याच हातात द्यायचं असं त्याला दोनदा बजावणार आहे.

पण मी आंघोळीबद्दल भांडायला बसलेली नाही. मला तुला मुरुमांबद्दल सांगायचं आहे. हसू नकोस. होहोएच्या बाजारात तुझ्या आईला मुरुमांतलं जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कुणाला कळत नाही. हे मी पूर्वीही छाती ठोकून सांगायचे, तुला आठवतच असेल. फरक इतकाच, की आता ते खरं आहे.

धुरावरचे मासे विकणारी एन्योनाम आठवते ना? तिची डेला आता सोळा वर्षांची आहे. वर्षभर एन्योनाम तिच्यासाठी मी बनवलेलं क्रीमच नेत होती. यंदा फेब्रुवारीतल्या एका बाजाराच्या दिवशी ती डेलाला घेऊन आली. पोरीने डोळ्यांपर्यंत ओढणी गुंडाळलेली. एन्योनाम म्हणाली, जरा कडक करून दे, आधीच्याने आता भागत नाही. मी ओढणी खाली केली. गालांवर, हनुवटीवर, तोंडाभोवती सगळ्या एकसारख्या पुटकुळ्या, रवा पेरल्यासारख्या. मधली कातडी पातळ आणि चकचकीत. हा चेहरा मी आधी पाहिला होता, आणि कुठे पाहिला होता हे तुलाही माहीत आहे. तरी खरं सांगते, माझा हात सवयीने क्रीममध्ये मिसळायच्या पांढऱ्या ट्यूबकडे गेला होता. झाकणही फिरवलं होतं. तेवढ्यात डेलाने वर तुझ्या फोटोकडे पाहिलं. तोच फोटो, शाळेच्या गणवेशातला, तुकतुकीत गालांचा, खाली लाल अक्षरांत 'आब्लाचं क्रीम' लिहिलेला. आणि ती म्हणाली,

"ही ताई आता कुठे असते? हिचा चेहरा अजून असाच आहे का?"

 मी ट्यूबचं झाकण लावलं आणि एन्योनामला म्हटलं, आज काही मिळणार नाही, बुधवारी मोठ्या इस्पितळात जायचं, मी बरोबर येते. तिला वाटलं मला ताप आला आहे.

इस्पितळात त्वचेच्या डॉक्टर बुधवारी येतात. अक्पेने असं नाव, तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. तिने विचारलं, चेहऱ्याला काय काय लावता? एन्योनाम माझ्याकडे बघायला लागली. मी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला आणि धडाधड सांगितलं. अंगाला लावायचं साधं क्रीम, लिंबाचं तेल, उजळपणाचं एक लोशन, आणि दर डब्याला पांढऱ्या ट्यूबमधलं दोन बोटं औषध. कोणी बनवलं, तिने विचारलं. मी म्हटलं, मी. ती रागावेल म्हणून मी तीन सणसणीत उत्तरं तयार ठेवली होती, तिन्ही वाया गेली. तिने केसपेपर उलटा केला आणि पाठीमागे चित्र काढायला लागली. मग मात्र मी खुर्ची पुढे ओढली, कारण मला माल समजून घ्यायला आवडतो, मग तो कुणाचाही असो.

तिने काय सांगितलं ते ऐक. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीक खळगा असतो, त्यात कातडीचं तेल तयार होतं. वयात येताना अंगात जे बदल होतात त्यांनी ते तेल वाढतं. वरची मेलेली कातडी झडायच्या ऐवजी खळग्याच्या तोंडाशी चिकटते आणि बूच बसतं. आत तेल साचतं, तिथे एरवी सगळ्यांच्याच कातडीवर असणारे जंतू माजतात, मग सूज येते, पू होतो. म्हणजे मुरूम आतून बाहेर येतो, बाहेरची घाण आत जाऊन होत नाही. आणि मी तुला जाळीच्या घासण्याने गाल घासायला लावायचे, दिवसातून तीनदा, भांडं घासावं तसं! त्याने सूज वाढते, म्हणाली. मी शेंगदाण्यांचं विचारलं. ती हसली. शेंगदाण्यांनी मुरुमं होतात असं काही सिद्ध झालेलं नाही, काहींना गोडधोडाने किंवा दुधाने वाढतात, एवढंच. सेफा, तुझं सगळ्यात आवडतं शेंगदाण्याचं कालवण मी वर्षभर घरात शिजू दिलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि मनात मुलांचे विचार आले की मुरुमं येतात, या समजुतीपायी मी तुझ्या वह्या तपासल्या होत्या. त्यांत गणितंच निघाली. तेव्हा त्या तुला परत दिल्या, पण काही बोलले नाही. आज बोलते, तुझी गणितं चांगली होती.

आता खरी गंमत. गंमत कसली म्हणा. वसतिगृहाच्या शाळेत जायच्या आधीच्या त्या रिकाम्या महिन्यांत तू केस वाढवले होतेस, तुझ्या मावशीने वेण्या घालून दिल्या होत्या, आणि रोज सकाळी तू डबीतली हिरवी पोमेड टाळूला आणि कपाळाच्या कडेला चोपडायचीस. कपाळभर बारीक पुटकुळ्या आल्या. मी दोन आठवडे माझं क्रीम लावलं. मग तू वसतिगृहात गेलीस आणि शाळेच्या नियमाप्रमाणे त्यांनी तुझं डोकं मशीनने बारीक केलं. सुट्टीत आलीस तर कपाळ आरशासारखं! मी अख्ख्या बाजारात मिरवलं. हे सगळं मी डॉक्टरीणबाईंना अभिमानाने सांगितलं, माझं क्रीम एके काळी किती गुणी होतं हे कळावं म्हणून. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, केस कापल्यावर पोमेड लावायची बंद झाली असेल ना? केसांचं ते चिकट मलम कपाळावर ओघळतं, तिथली तोंडं बुजवतं, आणि लावणं थांबवलं की कपाळ आपोआप निवळतं. आपल्याकडच्या मुलींत त्यांना हे रोज दिसतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली होती. काम केलं शाळेच्या न्हाव्याने आणि फोटो लागला माझ्या क्रीमखाली.

आणि तरी मी थांबले नाही. चेहरा असाच राहावा म्हणून दर सुट्टीनंतर तुझ्या पेटीत दोन डबे घालत राहिले. पांढऱ्या ट्यूबमधलं औषध स्टेरॉइडचं असतं. ते काही आजारांवर डॉक्टरांच्या सांगण्यावरून लावतात, थोडे दिवस. ते सूज दाबून टाकतं, म्हणून पहिले काही आठवडे चेहरा असा खुलतो की बघत राहावं. मग कातडी पातळ होते आणि त्याच औषधाने नव्या पुटकुळ्या उठतात. लावणं थांबवलं की दुप्पट उसळतात. अक्पेने म्हणाली, "म्हणून लोक परत तुमच्याच दुकानात येतात." ती टोमणा मारत नव्हती. मला मात्र इतकी वर्षं वाटत होतं, की गिऱ्हाइकं परत येतात ती माझ्या मालाच्या गुणाने.

डेलाचं पुढे काय झालं ते तुला आवडेल. क्रीम बंद केलं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, की सुरुवातीला चेहरा चिडेल आणि तेव्हाच माणसं धीर सोडतात. पहिले तीन आठवडे एन्योनाम माझ्याशी बोलत नव्हती. मी तिच्या मासळीच्या पाटीसमोर रोज सकाळी उभी राहायचे आणि डेलाला विचारायचे, झोपताना डॉक्टरांनी दिलेलं जेल लावलंस का? वाटाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्यावर पसरून, फक्त पुटकुळीवर ठिपका देऊन नाही. दिवसातून दोनदाच तोंड धुवायचं, हाताने, सौम्य साबणाने. फोडायचं नाही, पिळायचं नाही. उन्हात टोपी. दुसऱ्या एका औषधाने तिच्या निळ्या उशीच्या अभ्र्यावर पांढरे डाग पडले, त्यावरून एन्योनामने मला शिव्या घातल्या, तर मी तिला नवा पांढरा अभ्रा शिवून दिला, आता पाड म्हटलं किती डाग पाडायचे ते. दुसऱ्या महिन्यात नवे मुरूम थांबले. तिसऱ्यात चेहरा सपाट झाला. काळे डाग अजून आहेत, आपल्या कातडीवर ते रेंगाळतातच, वर्षही लागेल. पण परवा डेला ओढणी न घेता पाटीमागे उभी राहून आईपेक्षा मोठ्याने ओरडत होती. मासे शिळे असावेत असा मला संशय आहे, तरी मी घेतले.

ट्यूबा मी सगळ्या इस्पितळात नेऊन दिल्या. मिसळलेले डबे फोडले. बाकीच्या क्रीमवाल्या मला डॉक्टरीण म्हणून चिडवतात आणि माझी गिऱ्हाइकं पळवतात, पळवू देत. मी आता शिआचं लोणी, साबण, कंगवे विकते, आणि कोणी पोरगी चेहरा झाकून आली की आधी तिची पोमेड बघते, मग तिच्या आईला बुधवार सांगते. अकरा जणी गेल्या. दोघींच्या आया मला भांडून गेल्या, त्याही पुढच्या बुधवारी गेल्याच. तू म्हणशील, आईला मिरवायला नवं काहीतरी सापडलं. सापडलंच आहे.

इथपर्यंत लिहिणं सोपं होतं. तू वसतिगृहाच्या दुसऱ्या वर्षात होतीस तेव्हाच्या लांब सुट्टीबद्दल मी आजवर तोंड उघडलेलं नाही, तूही नाहीस. तू माझ्यासाठी मक्याच्या पिठाचं आक्प्ले आणि भेंडीचं कालवण घेऊन दुकानात आलीस. गालांवर तेच, डेलाच्या चेहऱ्यावर होतं तेच, त्याहून जास्त. फोटोखाली क्पांडो गावची एक बाई उभी होती, सहा डबे घ्यायला आलेली. तिने फोटोकडे पाहिलं, मग तुझ्याकडे पाहायला मान वळवणार तेवढ्यात मी तुला म्हटलं, "आत जा. पडदा ओढून घे." तू गेलीस. खोक्यांच्या मधे बसलीस. संध्याकाळपर्यंत. त्या सुट्टीतल्या प्रत्येक बाजाराच्या दिवशी तू न सांगता मागे जाऊन बसायचीस आणि मी पडद्यावरून जेवण द्यायचे. तू कधी विचारलं नाहीस, मी कधी सांगितलं नाही. मी मनाशी म्हणायचे, धंद्याची गोष्ट आहे, पोरीला कळतं. पोरीला कळत होतंच. सोळा वर्षांच्या मुलीला तिच्या आईने तिच्याच फोटोपासून लपवलं होतं. पुढच्या सुट्टीला तू तेमाला मावशीकडे गेलीस, अभ्यासाचं कारण सांगून, आणि मी ते खरं मानलं कारण ते मला सोयीचं होतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. तुझे गाल मावशीने बरे करून घेतले, डॉक्टरला दाखवून. मी फोटो आणखी दहा वर्षं ठेवला.

तुझ्या गालांवर बारीक खळगे राहिले आहेत. मी अक्पेनेला विचारलं, त्याला काही लावता येईल का? ती म्हणाली, लावून जाणारं काही नाही, वेगळे उपाय असतात, पण ते तुमच्या मुलीने ठरवायचं. तेव्हा मला तुझे बाबा आठवले. त्यांच्या गालांवर असेच खळगे होते, तुला लहानपणी बोट घालायला आवडायचं. हे वंशातूनही येतं म्हणे. लॉरीच्या खिडकीतून त्यांनी मला पहिल्यांदा हाक मारली तेव्हा तोच गाल उन्हात होता आणि मी त्याच गालावर भाळले. ज्या चेहऱ्याशी मी हौसेने लग्न केलं तोच चेहरा माझ्या लेकीला आला, तर मी त्यावर पडदा ओढला. माझं चुकलं, सेफा. क्रीमचं अज्ञान होतं, त्याची मला शरम आहे, पण ते अज्ञान होतं. पडद्याचं मला तेव्हाही कळत होतं.

फोटो डेला आली त्याच दिवशी उतरवला. फळीवर त्याच्या जागी एक फिकट चौकोन राहिला आहे, तिथे मी काही लावणार नाही. फोटो या पत्राबरोबर पाठवते आहे. तो तुझा आहे, ठेव, फाड, मला विचारू नकोस. सोमवारच्या पहिल्या गाडीने मी येते आहे, म्हणजे मंगळवारी, आठव्या दिवशी, नाव ठेवायला बाळाला पहिल्यांदा अंगणात आणाल तेव्हा मी तिथे असेन. नको म्हणालीस तरी येणार, माझा स्वभाव तुला माहीत आहे. बरोबर फक्त शिआचं लोणी आणते आहे, उत्तरेकडच्या बायकांकडून जसं येतं तसं, काहीही न मिसळलेलं. तू आधी वास घे, हवं तर डॉक्टरला दाखव, आणि तोवर मी बाळाला बोटही लावणार नाही. तुझ्या स्वतःच्या चेहऱ्यावर बाळंतपणाने काही उठलं असेल तर अंगावर पाजताना तेव्हा डॉक्टरने दिलेलं जुनं जेल मनाने लावू नकोस, विचारून लाव. आणि मंगळवारी पाहुणे आले, तुझ्या शाळेतल्या शिक्षिका आल्या, आणि तुला वाटलं की ही बाई समोर नको, तर मला मागच्या खोलीत बसव आणि पडदा ओढून घे. मी संध्याकाळपर्यंत बसेन, का म्हणून विचारणार नाही. हेच सांगायला मी एवढं लिहिलं. फक्त धाकटी आब्ला रडायला लागली, तर पडद्यावरून तिला माझ्याकडे दे. पाणी मी तापवून ठेवलेलं असेल.

तुझीच,
आई
(मोठी आब्ला)